दाभणवाले खोडके साहेब

खोडके साहेब गेल्याची बातमी मला मोताळ्याच्या आठवडी बाजारात, वांगी निवडताना कळली. जानेफळचा एक ओळखीचा माणूस पिशवी सांभाळत थांबला आणि म्हणाला, "ताई, तुमचे साहेब गेले न." मी विचारलं, "कुठं?" निवृत्त होऊन तीस वर्षं झालेल्या माणसाबद्दल मी हे विचारलं! आम्हा कचेरीतल्या लोकांच्या कानाला साहेब 'गेले' म्हणजे बदलून गेले, एवढंच ठाऊक. तो बिचारा गोंधळला. "कुठं म्हणजे... वारले न हो. परवा." मी हातातली वांगी परत टोपल्यात ठेवली. भाजीवाली ओरडली, "काऊन बाई, किडके हायेत का?" मी रिकामीच पिशवी घेऊन निघाले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांची नोंदणी करणारी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी आमची कचेरी बुलढाण्यात होती. वऱ्हाड आधी नागपूरच्या राज्यात, मग मुंबईच्या आणि मग महाराष्ट्रात, त्यामुळे कपाटांत तीन राज्यांची कागदपत्रं गुण्यागोविंदानं नांदत होती. अर्धी हिंदीत, अर्धी इंग्रजीत, आणि मराठीतली वाळवीच्या पोटात. कोणती फाइल कुठं आहे हे जगात एकट्या अवधूतरावांना माहीत. ते हेडक्लार्क, पण त्यांना सगळे बडे बाबू म्हणत. ते पोरीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले, तर कचेरी आठ दिवस नुसती चहा पीत बसली होती म्हणे.

अशा जागी खोडके साहेब अधिकारी म्हणून आले. वय तिशीचं, गाव मेहकर तालुक्यातलं जानेफळ. मुंबईला प्रशिक्षणात त्यांनी एक यंत्र पाहिलं होतं, भोकं पाडलेली कार्डं गिळून तासाभरात यादी ओकणारं. त्या यंत्रानं त्यांना पार झपाटलं. आल्या आल्या त्यांनी वर पत्र लिहिलं, की बुलढाण्याला असं एक यंत्र मिळावं. दोन महिन्यांनी उलट विचारणा आली, 'आपल्या कचेरीत वीज आहे काय?' ती नव्हती.

साहेबांनी मग वीज न लागणारं यंत्र केलं. जुन्या फाइलींचे पुठ्ठे एका मापात कापले, चांभाराकडून वरच्या कडेला ओळीनं भोकं पाडून आणली. एका संस्थेचं एक कार्ड. प्रत्येक भोकाला एक अर्थ, एखादं मलकापूर तालुक्याचं, एखादं 'तीन वर्षांत सभाच झाली नाही' याचं. जे त्या संस्थेला लागू असेल, ते भोक कात्रीनं कडेपर्यंत चिरायचं. मग सगळी चळत हातात धरून हव्या त्या भोकातून कापसाची पोती शिवायचं लांब दाभण घालायचं आणि उचलायचं. चिरलेली कार्डं खाली पडतात, बाकीची दाभणावर लटकतात. पडली ती तुमची यादी! बडे बाबूंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, हे कचेरी होय का जिनिंग?"

कार्डांसाठी एक कारकून हवा होता, म्हणून मी त्या कचेरीत शिरले. मी पिंपळगाव राजाची, नुकतीच मॅट्रिक झालेली. वडील शेतमजूर. आम्ही बौद्ध होऊन चारदोन वर्षंच झाली होती, आणि मुलीनं सरकारी नोकरी करायची हे वडिलांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. परीक्षेला आम्ही नऊ जण. साहेबांनी प्रत्येकापुढं कार्डांचा ढीग ओतला आणि म्हणाले, "लावा." बाकीचे तुटून पडले. मला काही समजेना, म्हणून उभी राहून विचारलं, "साहेब, कशावरून लावायचे? नावावरून, का गावावरून?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बस्स, झालं. सोमवारपासून या."

सोमवारी कचेरीत पाय ठेवला आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. माठाला मी हात लावायचा की नाही यावर कोणी बोललं नाही, पण सगळे माठाकडेच बघत होते. साहेबांनी भाषण वगैरे दिलं नाही. त्यांनी कार्यालयीन आदेश काढला, की यापुढं माठ भरण्याची पाळी आठवड्याची, नावाच्या अक्षरक्रमानं, साहेबांसकट. अ म्हणून पहिले अवधूतराव. जन्मात घागर न उचललेला माणूस आठवडाभर विहिरीवर! दुसरी पाळी क म्हणून कुसुमची, माझी. बडे बाबूंनी त्या सोमवारी घरून तांब्या आणला. एप्रिलचा महिना. तांब्या अकरा वाजताच संपायचा. बुधवारी दुपारी ते उठले, माठाजवळ गेले, पाठमोरे उभे राहून दोन पेले प्याले आणि जागेवर येत म्हणाले, "गार आहे." त्या विषयावर कचेरीत झालेली चर्चा एवढीच.

पण साहेबांवर तक्रारी गेल्या होत्या. सरकारी वेळ भोकं पाडण्यात जातो, असं कोणीतरी वर कळवलं. पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार आणि खोडके साहेबांची उचलबांगडी करणार, असं बोललं जाऊ लागलं. ते आले. उन्हानं लाल झालेले, घाम पुसत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखवा तुमची जादू. तीन वर्षं सभाच न घेतलेल्या संस्था किती?" खोडके साहेबांनी चळत धरली, दाभण घातलं, उचललं... एकही कार्ड पडलं नाही. हलवून पाहिलं. नाही. मोठे साहेब खूश झाले. "म्हणजे जिल्ह्यात एकही संस्था झोपलेली नाही? उत्तम! असंच लिहितो मी." नुसती मान हलवली असती, तरी साहेबांची नोकरी आणि अब्रू दोन्ही वाचत होती. त्यांनी दाभण टेबलावर ठेवलं. "नका लिहू, साहेब. हे खोटं आहे. कुठंतरी चूक झालीय."

तेव्हा दारातून शिपाई सुखदेव भीतभीत म्हणाला, "साहेब, कार्डं फाटले होते न हो बरेच. पुण्याचे साहेब येऊन राह्यले, फाटके बरे दिसत नाहीत म्हून म्या इतवारभर बसून खळीनं चिकटवले." त्यानं प्रत्येक चिरेवर कागदाची नेटकी पट्टी लावली होती! साहेबांच्या तोंडून कचेरीत पहिल्यांदाच गावची बोली निघाली, "अरे बापा, काय केलं बे तू हे!" मी कार्डं ओढून घेतली आणि नखांनी पट्ट्या सोलू लागले. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले, आणि बडे बाबू उठून उभे राहिले. कार्डांचे सगळ्यात मोठे वैरी ते! मला वाटलं, आता संपलं. "तोवर मी सांगतो," म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि झोपलेल्या संस्थांची नावं तालुकावार म्हणायला सुरुवात केली. आरती म्हणावी तशी. एकूण एकतीस. मोठे साहेब लिहून घेत होते. त्यांचं संपलं तेव्हा माझ्या पट्ट्याही सोलून झाल्या होत्या. साहेबांनी पुन्हा दाभण घातलं, उचललं, कार्डं भराभर पडली. मोजली. बत्तीस.

ताळा केला. बडे बाबूंच्या यादीत नसलेली एक गृहनिर्माण संस्था निघाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हिचे सचिव कोण?" बडे बाबू शर्टाची गुंडी चाचपत म्हणाले, "मीच हाव, साहेब." मोठे साहेब इतके हसले, की सुखदेवला पाणी आणायला पळावं लागलं.

बदली झालीच, पण बढतीवर. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या मोठ्या कचेरीत माणसांची आणि कामाची घडी बसवायला साहेबांना नेलं. पुढं तिथं खरे संगणक आले, तेही त्यांनीच बसवले. जाताना त्यांनी कार्डांची जबाबदारी चार ज्येष्ठांना डावलून माझ्यावर टाकली. माझ्या बाजूनं सगळ्यांशी भांडले कोण, तर बडे बाबू. "तिले येते, तुमाले येत नाही. विषय खतम."

तेरवीनंतर मी जानेफळला गेले. साहेबांच्या पत्नी शांतावहिनींना मी पहिल्यांदाच भेटत होते. नाव सांगताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमीच का त्या कुसुमबाई?" शेवटच्या वर्षात साहेब घरच्यांनाही ओळखत नव्हते. सकाळी उठून विचारायचे, 'कुसुमबाई आल्या का?' नाही म्हटलं, की जेवत नसत. "मंग एक दिवस म्याच म्हटलं, आली साहेब. खुर्ची घेतली न बसली समोर. लिवा म्हणे. म्या लिवलं." वहिनींनी शाळकरी वही आणली. बोटाएवढी अक्षरं, पानामागून पान. मलकापूरला स्मरणपत्र पाठवा. सुखदेवला रागावू नका, त्याचा हेतू चांगला होता. आणि शेवटच्या पानावर : कुसुमबाईंनी आज फार काम केलं. त्यांना घरी जाऊ द्या.

मी ते पान पुन्हा वाचलं. मग मी म्हटलं, "वहिनी, ही वही मला द्याल का?"

त्यांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "नाही देत, बाई. वर्षभर केली न म्या... माही नोकरी होय ते."