वळखा त्याला

दवंडी द्यायला उभे राहिले की चाचा आधी डावा हात कानामागं धरायचे. बोलायचं तोंडानं आणि हात कानाला! मी एकदा हसलो, तर म्हणाले, "गाव काय बोलतंय ते आधी ऐकावं लागतंय, ऑपरेटर. मग आपुन बोलायचं." क्षणभर तसेच थांबायचे आणि मग सुरू व्हायचं, "ध्यान द्या, मायबापहो, ध्यान द्या."

मला सगळे ऑपरेटरच म्हणत. बार्शीकडच्या वाशीच्या बाजारात माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. दुकान कसलं डोंबलाचं! एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक ट्रकची जुनी बॅटरी. चाचा मागच्या गल्लीतले, जातीनं पिंजारी. गाद्या पिंजून पोट भरायचे, मिशीत कायम कापूस अडकलेला. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की माझ्या भोंग्यालाच त्यांच्यापुढं लाज वाटावी. म्हणून दवंडीचं काम आलं की मी त्यांनाच बोलवायचो.

सोनारीच्या यात्रेत आम्ही दरसाल असायचो. हरवलेली पोरं आमच्याकडं आणून सोडत. चाचा पोराला मांडीवर घेत, हातात शेंगदाणे देत आणि भोंग्यात सांगत, "हिरव्या झबल्यातलं लेकरू हितं हाय. ते रडत न्हाय. तुमीबी रडू नका, सावकाश या." आया तरी रडतच यायच्या, ते सोडा. पण तो आवाज आला की एवढ्या गर्दीतलं माणूस जागच्या जागी थांबायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

टँकर कधी येणार, दुष्काळी कामाची हजेरी कुठं लागणार, कोण गेलं, कुणाच्या घरी माती आहे, सगळं चाचांच्या तोंडून कळायचं. आमच्याकडं समजूतच झाली होती की चाचा बोलले म्हणजे तो हुकूम. लोक तहसीलदाराच्या सहीवर शंका घेत, पण चाचांच्या दवंडीवर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

पुढं लागोपाठ पाऊस चुकला. विहिरी खडखडीत झाल्या. सोसायटीचं संचालक मंडळ बरखास्त झालं, प्रशासक आला, तोही बदलून गेला. जुने पुढारी एकमेकांच्या तंगड्या ओढण्यात गुंग. कुणाचाच कुणावर भरवसा उरला नव्हता आणि अशातच निवडणूक लागली. त्या निवडणुकीत एक नवं पॅनेल उतरलं. त्यांचा म्होरक्या बाहेरून आलेला, परीटघडीचे कपडे, बोलणं एकदम मऊ. माझा भोंगा त्यांना नको होता, त्यांच्याकडं स्वतःची जीप आणि स्वतःचं यंत्र होतं. त्यांना फक्त चाचा पाहिजे होते.

त्यांनी चाचांना बार्शीला नेलं आणि एका दुकानात त्यांचा आवाज कॅसेटवर भरून घेतला. परत आल्यावर चाचा पोरासारखे खूश होते. काय बोललात म्हणून विचारलं, तर म्हणाले, टँकरचं पाणी मधल्यामधी कोन चोरतंय त्याच्याबद्दल हाय, नाव कुनाचंच न्हाय, कुनाला काय लागायचं? मलाही त्यात वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जीप फिरायला लागली. "ध्यान द्या, मायबापहो, ध्यान द्या. आपलं पानी कुनीतरी पितंय. लांबचा न्हाय, आपल्यातच बसलाय. वळखा त्याला." एवढंच. मग थोडी शांतता, मग परत तेच. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. चाचा माझ्या दुकानात चहा पीत बसलेले असायचे आणि तिकडं माळावरून त्यांचाच आवाज यायचा. सुरुवातीला ते कौतुकानं मान डोलवायचे. नंतर नंतर बशी तशीच हातात राहायची.

कारण आवाजानं विचारायचं आणि भिंतींनी उत्तर द्यायचं, असा प्रकार सुरू झाला होता. एका सकाळी मागच्या गल्लीतल्या मुसलमानांच्या घरांवर आणि पलीकडं बौद्धवाड्यातल्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं दिसलं, "हाच तो." खाली ना नाव, ना निशाणी. चाचांच्या दारावरही तेच. कुणी लिहिलं ते कुणी बघितलं नव्हतं, आणि पुसायला कुणी पुढं आलं नाही. पुसणाऱ्यावर सगळ्यांची नजर जाईल, ही भीती. चाचांनी पुसलं, तर घासून घासून गेरू दारभर पसरला आणि दार लालभडक झालं.

त्या दिवशी चाची टँकरवरून रिकामी घागर घेऊन परत आल्या. त्यांना कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. रांगेत मागची बाई पुढं सरकत गेली, तिच्या मागची तिच्या पुढं, आणि चाची होत्या तिथंच राहिल्या. माझ्या बायकोनं आमच्यातलं पाणी त्यांच्या घागरीत ओतलं. मी रांगेतल्या एका शहाण्याला झापलं, की अरे, हेच चाचा तुझं पोरगं यात्रेत सांभाळत बसले होते ना? तो गडी शांतपणे मला म्हणाला, "आमी काय मनानं करतोय व्हय? दवंडीच हाय तशी. आन् चाचाच सांगत्यात की सोता."

चाचा म्होरक्याकडं गेले. मी सोबत होतो. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चाचा म्हणाले, ती कॅसेट तेवढी बंद करा, माझी मान्सं माझ्याकडं बघंनात. म्होरक्या हसला. "चाचा, तुम्ही फार दमलात. आता आराम करा. बोलायचं काम आम्ही करतो." चिडला असता तर मी भांडलो असतो. तो चिडलाच नाही.

मग चाचा बाजारात उभे राहून सांगायला लागले की बाबांनो, त्यो म्या न्हाय. पण नुसत्या तोंडानं सांगितलेलं आणि भोंग्यातून आलेलं, यात लोकांना भोंग्यातलंच खरं वाटायचं. आमच्या लोकांना तशी सवय आम्हीच लावली होती. शेवटी त्यांनी एक शक्कल काढली. बाजारच्या दिवशी तोंडाला रुमाल घट्ट बांधला आणि जीपच्या पुढं चालायला लागले. बघा, माझं तोंड बंद हाय, बोलतोय त्यो दुसराच, असं त्यांना दाखवायचं होतं.

पुढं तोंड बांधलेला माणूस, मागं त्याचाच आवाज, "वळखा त्याला, वळखा त्याला." आधी पोरं हसली. मग हळूहळू सगळा बाजार गप्प झाला. मला वाटलं, कळलं बुवा लोकांना. तेवढ्यात एका म्हातारीनं चाचांकडं बघून हात जोडले आणि नातवाला पदराआड ओढलं. "तोंड बांधलंय तरी बोलतंय," ती पुटपुटली. ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. लोक वाट सोडून मागं सरायला लागले. चाचा ज्याच्याकडं वळतील, तो दुकानाची फळी पाडायचा.

माझ्या ओट्यावर येऊन त्यांनी रुमाल सोडला. ओठ कोरडे पडले होते. "भोंग्यातला चाचा खरा हाय, ऑपरेटर," ते म्हणाले. "म्या कोन त्याचा?"

त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं. हूं की चूं नाही. पॅनेल दणक्यात निवडून आलं. गुलाल उधळला तेव्हा चाचा आणि चाची सोलापूरला लेकीकडं निघून गेले होते. तिथंच पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. कळलं तेव्हा मी दुकान बंद करून आत जाऊन ढसाढसा रडलो. कुणाच्या घरी माती आहे हे सांगणारा आमच्या गावात आता कुणी नव्हता, त्यामुळं गावाला ते कळलंच नाही.

पुढची निवडणूक आली तेव्हा मी एका लग्नाचा भोंगा घेऊन तामलवाडीला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत बायका बसल्या होत्या. मी वायर सोडत होतो, तोच सोलापूरच्या बाजूनं आवाज आला. "ध्यान द्या, मायबापहो, ध्यान द्या." मेलेला माणूस जीपवर बसून येत होता आणि त्याच्या आवाजात कणभर फरक पडला नव्हता.

त्या बायकांतली एक म्हातारी डोक्यावरचा पदर कानामागं सारून ऐकत राहिली. जीप आमच्यासमोरून गेली. "वळखा त्याला," चाचा म्हणाले.

"कोन हाय रं बाबा ह्यो," म्हातारी मला म्हणाली, "आवाजावरनं मानूस लई चांगला वाटतोय."

"व्हय," मी म्हणालो. "लई चांगला होता."

"होता?" म्हातारीनं विचारलं, आणि जीप गेली त्या रस्त्याकडं बघत राहिली.