एकवीस लाल फुलं आणि माझं नेपाळी

नेपाळी मला येत नाही, हे मला सोडून आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी कार्ल्सरूहेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पेमा राहायला आली. मूळची भूतानची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी. वडील जोंखा बोलणारे, आई दक्षिण भूतानातली, नेपाळी बोलणारी. त्यामुळे दोन्ही भाषा तिला घरच्याच. फोनवर वडिलांशी जोंखात सुरू केलेलं वाक्य, मध्येच आईनं फोन घेतला तर ती सहज नेपाळीत संपवायची. मला एका भाषेतलं वाक्य त्याच भाषेत संपवताना घाम फुटतो!

त्याच सुमाराला माझ्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एके दिवशी नाश्त्याला मी त्यांना दोन्ही भाषांवर व्याख्यान दिलं. जोंखाची लिपी वेगळी, तिबेटी वळणाची. शिवाय आवाजाची पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो, असं पेमानंच सांगितलेलं. पाण्याला म्हणे 'छू'. तिथेच मी जोंखाला कोपरापासून हात जोडले. नेपाळी मात्र आपली सख्खी मावसबहीण! नाकाला नाक, कानाला कान, भाताला भात, लिपीसुद्धा देवनागरी. दोन आठवड्यांत बोलायला लागतो, असं मी जाहीर केलं.

"अहो, पण तुमचं जर्मन अजून..." एवढं म्हणून सासूबाईंनी वाक्य सोडून दिलं. (जावयाचा मान त्या फार राखतात.)

मी फोनवर एक ॲप घेतलं आणि खरोखर दोन आठवडे नेपाळी शिकलो. मग गणपती आले. सासूबाईंचा हा जर्मनीतला पहिला गणपती, तीन मराठी कुटुंबं पाच वाजता आरतीला येणार आणि बाप्पाला एकवीस लाल फुलं हवीत, असा त्यांचा हट्ट. आमची ही, म्हणजे सई, सकाळपासून होम ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेली आणि मी मोदकांना पाकळ्या पाडत होतो. ते मोदक बघून सासूबाईंना मला स्वयंपाकघराबाहेर पाठवता येत नव्हतं की आत ठेववत नव्हतं. फुलं पेमाकडून मागवू, मी म्हटलं. तिच्या येण्याच्या वाटेवरच दुकानं आहेत.

पेमाच्या घरी, आईकडून, गणेशपूजा होते, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तिला सरप्राइज द्यायचं ठरवून घरी गणपती आहे हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पाचला ये, एवढाच निरोप होता. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, कारण शाळेत तिचं सगळं जोंखात आणि इंग्रजीत झालेलं. तेव्हा मी छानपैकी खाकरून आवाजातला मेसेज पाठवला: "एक्काइस वटा रातो फुल ल्याइदिनुस् न." म्हणजे, एकवीस लाल फुलं आणून द्या ना. लगेच उत्तर आलं, "हुन्छ." म्हणजे, बरं. तो मेसेज मी सासूबाईंना दोनदा ऐकवला.

पाच वाजले. पाहुणे जमले, समई लागली. पेमा आली ती तिच्या देशाचा पायघोळ किरा नेसून, हातात पांढऱ्या रुमालानं झाकलेली टोपली घेऊन. इतकी सुंदर दिसत होती की खोलीतलं बोलणं थांबलं. सासूबाईंनी पुढे होऊन तिला हळद-कुंकू लावलं आणि कौतुकानं रुमाल उचलला.

टोपलीत एकवीस लाल अंडी होती.

इथल्या दुकानांत रंगवलेली उकडलेली अंडी बारा महिने मिळतात. नेपाळीत फुलाला फूल म्हणतात हे खरंच, पण अंड्यालाही फुलच म्हणतात, हे आमच्या ॲपनं पहिल्या दोन आठवड्यांत सांगितलं नव्हतं. बिचाऱ्या पेमानं तीन दुकानं पालथी घालून रंगीबेरंगी अंड्यांच्या खोक्यांतून नेमकी लाल तेवढी वेचली होती. (हिरवी-पिवळी ती पुढचा आठवडाभर खात होती.)

तेवढ्यात आमच्या पाच वर्षांच्या इरानं आजीचा पदर ओढून विचारलं, "ओमा, इस्ट हॉयटे ओस्टर्न?" आज ईस्टर आहे का?

पेमानं मखराकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. तिचा चेहरा पार उतरला. सणाच्या दिवशी गणपतीसमोर आपण अंडी आणली, या विचारानं तिचे डोळे भरून आले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

ती मागच्या मागे निघणार, तोच सासूबाईंनी तिचा हात धरला. मला म्हणाल्या, "हिला विचारा, जोंखात फुलाला काय म्हणतात?"

मी जर्मनमधून विचारलं. "मेतो," पेमा हळूच म्हणाली.

"आणि अंड्याला?"

"गोंदो."

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "किती स्वच्छ भाषा! तुम्ही अवघड म्हणून सोडलीत ती."

आधी पेमाच हसली, मग सगळे. ती धावत आपल्या फ्लॅटमध्ये गेली आणि बाल्कनीतल्या कुंड्यांमधली लाल जिरेनियमं ओंजळभर कापून घेऊन आली. बाप्पाला ती शोभली. आरतीला पेमा शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. अंडी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेली. सहकाऱ्यांनी सण कोणता ते न विचारता संपवली.

त्यानंतर सासूबाई रोज दुपारी पेमाकडे जाऊ लागल्या. शब्दाला 'ला' जोडलं की जोंखात आदर होतो, हे त्यांना इतकं आवडलं की 'चहा ला', 'बसा ला' असं त्या घरभर बोलू लागल्या. पेमाला पिठलं करता यायला लागलं आणि ते मराठीत मागताही.

सासूबाई निघाल्या त्या दिवशी पेमा स्टेशनवर आली. दोघी गळ्यात पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "कादिन्छे ला." धन्यवाद. पेमा म्हणाली, "काकू, परत या." मलाही भरून आलं. मीही पुढे होऊन नेपाळीत दोन शब्द बोलायला तोंड उघडलं.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू," त्या मायेनं म्हणाल्या, "तुम्ही आपलं मराठीतच बोलत जा. आणि तेसुद्धा जरा जपून."