आडवा सिग्नल

कय्युमभाईनं अठ्ठावीस वर्षांत कुणाला साधं खरचटू दिलं नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची बस चालवायचा. कामगार त्याच्या गाडीत बिनघोर झोपायचे. कंपनीकडून त्याच्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त तापलो. मी कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहितो. शाळा सातवीत सुटली, कायदा कोर्टाबाहेरच बसून शिकलो.

"भर दो ना पाचसौ, किस्सा खतम," त्याची बायको वहिदा म्हणाली.

"का भरायचे, भाभी? ह्यानं केलंय काय?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, तसा कय्युमभाई हळूच बोलला. लाल-हिरव्यातला फरक त्याला जन्मापासून कळत नाही. वरचा दिवा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं, एवढाच हिशोब. लायसनच्या वेळी डॉक्टरनं मान वर न करता सही ठोकली होती. पण त्या सकाळी ट्रकच्या धडकेनं सिग्नल आडवा झालेला. वर-खाली काही उरलंच नव्हतं. बाकीच्या गाड्या थांबल्या, हा गेला.

"सिग्नल टेढा था, उतनाच लिखो," वहिदा म्हणाली. "आंखों का मत लिखो."

"बाकीचे कसे थांबले, असं विचारतील ना, भाभी? अर्धं खरं लिहिलं की कागद लंगडतो."

मी सगळं लिहिलं. दोन पानं. कय्युमभाईनं सही केली.

सुनावणीला वाहतूक शाखेच्या साहेबानं अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या खोलीतल्या दोघा क्लार्कना हाक मारली. "या, गंमत बघा."

रंगीत फायली उचलून कय्युमभाईला दाखवायला लागला. ही कोणत्या रंगाची? आणि ही? एक बरोबर आली तर क्लार्कनं टाळी वाजवली. मग साहेबानं आमच्यासोबत आलेल्या वहिदाकडं बोट केलं. "बायकोच्या ओढणीचा रंग सांग. निकाहापासून बघतोयस तिला."

कय्युमभाई लई वेळ बघत राहिला. "हिरवी."

ओढणी लालभडक होती.

"हिरवीच हाय, साहेब," वहिदा म्हणाली.

तेव्हा तर क्लार्क पोट धरून हसले. मी टेबलावर हात आपटला. साहेब शांत. "ओरडता कशाला? अर्ज तुमचाच ना? तक्रार मान्य. चलन रद्द." त्यानं तसं लिहून दिलं, शिक्का मारला, आणि हात पुढं केला. "आता लायसन द्या."

कंपनीनं आठवड्यात दुसरा ड्रायव्हर घेतला.

लायसनसाठीचं अपील मी सुनावणीच्या संध्याकाळीच लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो तर वहिदानं दारातच अडवलं.

"अब हमारे बारे में कुछ मत लिखो, भाई."

आत कय्युमभाई भिंतीकडं तोंड करून पडला होता. दुपारचे तीन वाजले होते, शिफ्ट सुटायची वेळ.