मागच्या दाराचं कुलूप

चावीकाकांचं खरं नाव चर्चच्या नोंदवहीत आहे आणि कारखान्याच्या हजेरीपटावरही आहे, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नाही. आठवड्याचे सहा दिवस ते शर्टांच्या कारखान्याची दारं उघडतात आणि लावतात, सातव्या दिवशी चर्चची. दोन जागा, दोन जुडगे. त्यांच्या खोलीत शिरलं की उजव्या हाताला दोन खिळे दिसतात. वरच्यावर चर्चचा जुडगा, खालच्यावर कारखान्याचा. देव वर, पोट खाली, असं ते बायकोला सांगत आणि स्वतःच हसत. तिला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

माणूस नाकासमोर चालणारा आणि, खरं सांगायचं तर, भित्रा. कुत्र्याला भिणार, सरकारी कागदाला भिणार, साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला की उगाचच शर्टाची बटणं चाचपणार. भित्र्या माणसाच्या कमरेला चाव्या जपून राहतात, हे मालकांनी बरोबर ओळखलं होतं.

हे मालक म्हणजेच चर्चच्या मंडळाचे प्रमुख. चर्चचं छप्पर त्यांनी घालून दिलं. चर्चच्या आवारातली चावीकाकांची खोलीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली. कारखान्यात त्यांना साहेब म्हणायचं आणि चर्चमध्ये भाऊ, कारण तिथे सगळेच एकमेकांचे भाऊ. शनिवारची जीभ रविवारी वळवताना चावीकाकांची हमखास गडबड व्हायची. एकदा ते भर प्रार्थनेत ‘आमेन, साहेब’ म्हणाले होते. आता ते कोणाला उद्देशून, हे बायका अजून एकमेकींना विचारतात.

मालक दुष्ट असते तर सगळं सोपं झालं असतं. पण ते रोज सकाळी आठला मशिनं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसोबत उभं राहून प्रार्थना करत, आजारी बाईची चौकशी करत, कोणावर आवाज चढवत नसत. फक्त प्रार्थना संपली की चावीकाकांकडे बघून मान हलवत. मग चावीकाका मागच्या दाराला कुलूप लावत.

कारखाना पहिल्या मजल्यावर. एक लांबलचक हॉल, त्यात साठ बायका. पुढच्या टोकाला जिना आणि जिन्याला लागूनच इस्त्रीची टेबलं. मागच्या टोकाला दार, दाराबाहेर लोखंडी जिना, तो खाली अंगणात उतरतो. खिडक्यांना गज. मागच्या दारातून दोन वर्षांपूर्वी कापडाचे तागे चोरीला गेले, शिवाय बायका वाऱ्याला म्हणून बाहेर उभ्या राहत आणि तासाचे शर्ट कमी पडत. तेव्हापासून आठ ते एक आणि दोन ते सहा दाराला आतून कुलूप, रात्री अडसर. त्याच्या शेजारी स्टुलावर चावीकाका. आणि त्यांच्यापासून चार हातांवर काज-बटणाच्या मशिनवर त्यांची धाकटी मुलगी. ती गेल्या वर्षी कामाला लागली. मालकांनीच घेतली, चावीकाकांनी न मागता.

तो गुरुवार होता. आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची बैठक झाली होती आणि घरी येऊन चावीकाकांनी कमरेचे दोन्ही जुडगे अंधारात चाचपत खिळ्यांना अडकवले होते. गुरुवारी सकाळी नेहमीसारखा खालच्या खिळ्यावरचा जुडगा कमरेला लावला. कारखान्याचं पुढचं दार त्या दिवशी रात्रीच्या रखवालदाराने आधीच उघडलं होतं, त्यामुळे चावी लागलीच नाही. प्रार्थना झाली, मालकांनी मान हलवली, चावीकाकांनी कुलूप कडीत घालून दाबलं. असली कुलपं लावायला चावी लागत नाही. उघडायला लागते.

साडेबाराला जळका वास आला. आधी कोणाचं लक्ष गेलं नाही, इस्त्रीपाशी काहीतरी करपतच असतं. मग पुढच्या टोकाला कोणीतरी ओरडलं, आणि जिन्याच्या तोंडावर काळा धूर छतापर्यंत चढलेला दिसला. साठ मशिनं एकदम थांबली. ती शांतता चावीकाकांना अजून ऐकू येते. त्या शांततेनंतर सगळ्या बायका त्यांच्या दिशेने धावत आल्या.

“काका, उघडा.”

उघडतोच आहे, असं म्हणून त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हातात चर्चच्या मोठ्या दाराची चावी होती. त्याच जुडग्यात पाळकांच्या खोलीची, कपाटाची, वाजवायची पेटी ठेवतात त्या खोक्याची. कुलपाची चावी खोलीत वरच्या खिळ्यावर, पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आणि ते स्वतःही त्याच दाराच्या आत.

तरी ते एकेक चावी कुलपाला लावत राहिले. कपाटाची लावली. पेटीची लावली. मोठ्या दाराची तर भोकात शिरण्यासारखीसुद्धा नव्हती, ती दोनदा लावली. मागून बायकांची गर्दी त्यांच्या पाठीवर रेलत होती, कोणीतरी खोकत होतं, आणि गर्दीतून धाकटीचा हात येऊन त्यांच्या मनगटाला घट्ट धरून राहिला. तिने जुडगा ओळखला होता. लहानपणी ती त्याच जुडग्याशी खेळलेली.

चार मिनिटांनी पुढून वायरमनचा आवाज आला, “मेन बंद केलाय, विझलं, विझलं.” इस्त्रीची वायर पेटली होती आणि खाली ठेवलेल्या शर्टांच्या गठ्ठ्याने धूर सोडला होता. दोन टेबलं काळी झाली. धूर गजांतून हळूहळू निघून गेला. बायका आधी रडल्या, मग हसल्या, मग एक जण म्हणाली की काकांनी घाबरून चावी उलटी लावली असेल, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. चावीकाकाही हसले. मग भिंतीचा आधार घेत ते स्टुलावर बसले.

एकच्या सुट्टीत पुढच्या जिन्याने घरी जाऊन त्यांनी खरा जुडगा आणला आणि मग ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. असं आपणहून ते बावीस वर्षांत गेले नव्हते.

“या काका. बसा. देवाने राखलं आज.”

“साहेब, दाराचं…”

“कोणाला काही झालं नाही ना?”

“नाही झालं, साहेब.”

“मग देवाचे आभार माना.” मालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते खरोखर दमलेले दिसत होते. “तुम्हाला वाटतं मला भीती वाटत नाही? शर्टामागे थोडे पैसे कमी घेणारा दुसरा कारखाना नेहमी तयार असतो, काका. दार उघडं ठेवलं, तासाला पाच शर्ट कमी झाले, तर काम तिकडे जाईल. मग या साठ जणी कुठे जातील? तुमची मुलगी कुठे जाईल? मी रोज गुडघ्यावर बसून हेच मागतो की कोणावर ती वेळ येऊ नये.”

मालक खोटं बोलत नव्हते, हेच तर सगळ्यात वाईट होतं. आपल्याजवळ चुकीच्या चाव्या होत्या, हे सांगायला म्हणून ते आत गेले होते. ते न सांगताच बाहेर आले.

घरी बायकोला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली.

“अहो, म्हणजे चाव्या असत्या तरी गर्दीत कुलूप उघडलं असतं का?”

हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. ते विचार करत राहिले. हात थरथरत असताना, पाठीवर साठ बायका रेलत असताना, धुरात डोळे मिटत असताना बरोबर चावीसुद्धा भोकात गेली नसती. चूक जुडग्याची नव्हती.

“मग उद्या लावू नका कुलूप,” बायको म्हणाली. मग खोलीच्या चारही भिंतींकडे बघून हळूच म्हणाली, “पण आपण जायचं कुठे?”

शुक्रवारी त्यांनी कुलूप लावलं. शनिवारीही लावलं. आता चावी जुडग्यात नव्हती. दिवसभर ती त्यांनी मुठीत धरली होती, इतकी घट्ट की तळहातावर तिचे दाते उमटले. कुठे काही करपलं की ते ताडकन उठत. धाकटी दर थोड्या वेळाने मान वळवून आधी कुलपाकडे बघायची, मग त्यांच्याकडे. तिच्या नजरेत राग असता तर त्यांनी सहन केला असता. तिथे भीती होती, आणि ती त्यांच्याकडूनच तिच्याकडे गेली होती. शनिवारी सहाला दार उघडल्यावर त्यांनी कुलूप नेहमीसारखं कडीला लटकवलं नाही. खिशात टाकलं. का टाकलं, हे त्या वेळी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

रविवारी त्यांनी चर्चचं दार उघडलं. प्रार्थना चालू असताना या दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या ठेवायच्या, मग धूळ येवो की ऊन, असा इथला जुना नेम. देवाच्या घरात कोणी कोंडलेलं नसावं, म्हणून. हा नेम पाळताना त्यांना सोमवारचं कुलूप कधी आठवलं नव्हतं.

मालकांनी उभं राहून गुरुवारच्या संकटातून वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानले. मागच्या बाकांवर कारखान्यातल्या वीसेक बायका होत्या, त्या ऐकत होत्या. मग गाणं सुरू झालं आणि मालक दानाची थाळी घेऊन बाकांमधून फिरू लागले. थाळी ते स्वतःच फिरवत, दुसऱ्या कोणाला देत नसत.

या थाळीचाही एक नियम आहे, आणि तो मालकांनीच घालून दिलेला. तीन वर्षांपूर्वी एका लहान मुलीने गंमत म्हणून बापाचं मनगटी घड्याळ थाळीत टाकलं. बाप परत मागायला आला. मंडळाची बैठक बसली, वाद झाला, आणि मालकांनी निकाल दिला की थाळीत पडलं ते देवाचं, ते माणसाने परत घ्यायचं नाही. त्या बापाला त्यांनी स्वतः नवं घड्याळ घेऊन दिलं, तो भाग वेगळा. जुनं घड्याळ अजून चर्चच्या कपाटात आहे.

चावीकाका शेवटच्या बाकावर, दारालगत. मालक एकेक बाक मागे येत होते. खोली जाईल. नोकरी जाईल. धाकटीचीही जाईल. हे सगळं त्यांना ठाऊक होतं, पाठ होतं. त्यांना धीर वगैरे काही आला नव्हता. उलट इतकं भ्यायलेले ते गुरुवारीही नव्हते. फक्त सोमवारी पुन्हा ते कुलूप दाबायचं, याची भीती बाकीच्या सगळ्या भीतींपेक्षा बोटभर मोठी झाली होती.

थाळी समोर आली. त्यांनी खिशातून कुलूप काढलं, चावी त्यातच होती, आणि थाळीत ठेवलं. ठेवायचं होतं हळूच, पण ते बोटांतून निसटलं. ते पितळी थाळीवर आपटलं आणि आवाज थेट पेटीवाल्यापर्यंत गेला. गाणं अडखळलं.

मालकांनी कुलूप ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “काका, हे उचला.”

“थाळीत पडलं, भाऊ,” चावीकाका म्हणाले. या खेपेला त्यांची जीभ बरोबर वळली.

मागच्या बाकांवरच्या बायकांनी माना वळवल्या होत्या. थाळी घेऊन मालक पुढे गेले, पाळकांनी दोन्ही हातांनी ती घेऊन नेहमीसारखी वर उचलली आणि कुलपासकट अर्पण केली.

रात्रभर चावीकाका जागेच होते. कामावरून काढल्याचा निरोप आला नाही, म्हणून ते सोमवारी पावणेआठला कारखान्यात हजर झाले. मागच्या दाराची कडी रिकामी होती. नवं कुलूप बाजारात कुठेही मिळतं, मालकांना ते आणायला किती वेळ लागणार, हे न कळण्याइतके चावीकाका खुळे नव्हते. रात्रीचा अडसर काढून ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बायका येऊ लागल्या. पहिली आली ती आपल्या मशिनकडे न जाता सरळ मागे आली, दाराला बोटांनी ढकललं, ते उघडलं तसं बाहेरचा लोखंडी जिना बघितला आणि परत जाऊन बसली. दुसरीनेही तेच केलं. मग तिसरीने. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. साठही जणींनी एकेक करून दार ढकलून पाहिलं, शेवटी धाकटीने. तिने ते ओढून घेतलं नाही, तसंच सताड उघडं ठेवलं आणि आपल्या मशिनवर बसली.

आठ वाजले. खाली साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. चावीकाकांचा हात शर्टाच्या बटणांकडे गेला, सगळी लागलेली होती. ते उठून उघड्या दारात जाऊन उभे राहिले, कारण पाय कापत होते आणि धरायला चौकट तिथेच होती.