फाटकवाल्याचे बारा ठोके

पडदा वर जातो.

मंचावर एक खोली. डाव्या अंगाला खिडकी, खिडकीबाहेर रूळ. गाडी गेली की खिडकीचे गज थरथरतात आणि फळीवरचे पेले किणकिणतात. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, त्यातून फोडणीचा ठसका. मागच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ, त्याच्याखाली एक तिपाई स्टूल. वेळ संध्याकाळची पावणेसात. वर्षाचा शेवटचा दिवस.

मी हयात खोट्या भिंतींच्या खोल्यांत घालवली. कापडी भिंत, रंगवलेली खिडकी, बाहेर काळोखात चहा पिणारा सहकारी. ही खोली मात्र खरी होती. रेल्वेचं क्वार्टर होतं ते, नोकरी तोवर घर. आज तिथे दुसरं कुटुंब राहतं. तरी मी डोळे मिटले की तीच खोली उभी राहते आणि तिच्या मधोमध माझा मित्र, फाटकवाला.

त्याची पहिली नोकरी आमच्या नाटक कंपनीत. कामाला आला तेव्हा अठरा वर्षांचा असेल, अंगापिंडाने काटक, आणि कान असे की विचारू नका. काम होतं पडदा ओढायचं. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? अहो, अंक कुठे संपला हे संहितेत लिहिलेलं असतं, पण पडदा कधी पडावा हे प्रेक्षकांच्या श्वासावर असतं. तो दोरी हातात धरून, मान कलती करून प्रेक्षागृह ऐकत असे. एका प्रयोगात मी राजाच्या वेषात सिंहासनासमोर उभा राहिलो आणि स्वगत साफ विसरलो. समोर आठशे माणसं. मी एक श्वास थांबलो, दुसरा थांबलो, आणि तिसऱ्याला पडदा सरसर खाली आला. लोकांना वाटलं, काय अर्थपूर्ण शांतता होती! टाळ्यांचा कडकडाट झाला. आत आल्यावर मी त्याला मिठी मारली, तर म्हणतो, "राजे, तुमची पहिली शांतता नाटकातली होती. दुसरी तुमची स्वतःची होती."

कंपनी बुडाली, सगळे चार दिशांना गेले. त्याने पडदा सोडला आणि फाटक धरलं. रेल्वेच्या फाटकावर घंटा वाजते, स्टेशनातून फोन येतो, कुठली गाडी निघाली ते सांगतात. मग फाटक पाडायचं आणि गाडी गेली की उचलायचं. तो म्हणे, "काम तेच आहे, राजे. फक्त आता चुकलो तर नाटक पडत नाही, माणूस पडतो."

वर्षाच्या शेवटच्या रात्री ड्युटी कुणालाच नको असते. तो ती दरवर्षी मागून घेई. "पोरांना मजा करू द्या," म्हणे. रात्री दहाला फाटकावर हजर व्हायचं, म्हणून त्याच्या घरी नवीन वर्ष संध्याकाळी सातला येत असे. तो स्टुलावर चढायचा, घड्याळाची काच उघडायचा आणि मोठा काटा बोटाने पुढे ढकलायचा. आठ वाजायचे, नऊ वाजायचे, दहा, अकरा. प्रत्येक तास पुरता वाजू द्यायचा, आणि तो वाजला की एकेका माणसाने सांगायचं, सरत्या वर्षात काय टाकून जायचंय. मग बारा. बाराच्या ठोक्याला तो आमच्याकडे तोंड करून, डोळे मिटून, हात वर करून मोजायचा आणि आम्ही सगळे त्याच्यामागून ओरडायचो. वीस वर्षं हे चाललं. बाहेरच्या जगात सात वाजलेले असायचे आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारत असायचो.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

मंडळी मोजकी होती. वहिनी, म्हणजे त्याची बायको. शाळेत शिकवणारी त्याची मुलगी आणि तिची सात वर्षांची चिमणी. आमच्या कंपनीचा जुना शिंपी, ज्याने मला बारा राजांचे बारा अंगरखे शिवले आणि एकाचंही माप बरोबर घेतलं नाही. आणि मी.

एक गोष्ट त्या खोलीत फक्त मला आणि त्याला ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी मी सहज फाटकावर गेलो होतो. केबिनमध्ये तो चहा ओतत होता. घंटा खणखणायला लागली. त्याने मान वळवली नाही. डावा तळवा मात्र टेबलावर पसरलेला होता, आणि क्षणाने तो उठून फाटकाकडे गेला. घंटा टेबलाला ठोकलेली होती. ती त्याला लाकडातून कळत होती.

गाडी गेल्यावर तो माझ्यासमोर बसला. जवळून, समोरून बोललेलं त्याला थोडंफार समजे, बाकी सगळं ओठांवरून.

"कुणाला बोलू नकोस, राजे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मग मानाने क्वार्टर सोडतो."

"आणि फोन?"

"डोक्याला दाबून धरतो. स्टेशनमास्तरांचा आवाज दणदणीत आहे. शिवाय वेळापत्रक पाठ आहे मला."

मी तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं. मी काय केलं? त्याला नटाची युक्ती शिकवली! म्हटलं, चारचौघांत लोक हसले की अर्धा श्वास थांब आणि मग हस. कुणाला कळणार नाही. ज्याने माझी शांतता झाकली होती, त्याची शांतता मी झाकत होतो. मला ते मैत्रीचं वाटलं.

सात वाजले. तो स्टुलावर चढला. काटा ढकलला. घड्याळाच्या पेटीवर त्याने तळवा टेकवला, आणि तो का टेकवला हे मला एकट्याला कळलं. आठ ठोके पडले.

"मी माझी नजर टाकून जातो," शिंपी म्हणाला. "सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते."

"ती येते तरी का?" वहिनींनी विचारलं.

"येते हो. म्हणून तर चष्मा घेत नाही."

नऊ वाजले. मुलगी म्हणाली, "मी आमच्या मुख्याध्यापक बाईंना टाकून जाते."

"त्या मावतील का एका वर्षात?" शिंपी म्हणाला.

दहा वाजले. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात झारा. "मी टीव्हीचा आवाज टाकते. इतका मोठा करून ठेवतात की रुळांपलीकडची माणसं बातम्या ऐकतात. माझं तर यांनी कधी ऐकलं नाही, पण आता टीव्हीचंही ऐकेनासे झालेत!"

सगळे हसले. अर्ध्या श्वासाने तोही हसला. मी सरबताचा पेला खाली ठेवला.

अकरा ठोके पडले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एकच गोष्ट टाकायची होती, जिभेवर आली होती. मी म्हणालो, "माझे गुडघे."

मग त्याने काटा बारावर नेला, स्टुलावरून उतरला, आमच्याकडे तोंड केलं, डोळे मिटले, हात वर केले.

"एक!"

"एक!" आम्ही ओरडलो.

"दोन! तीन! चार! पाच!"

पाचवा ठोका पडला आणि घड्याळाच्या पोटात काहीतरी घरघरलं. पुढचा ठोका पडलाच नाही.

"सहा!" तो म्हणाला.

चिमणी गप्प झाली. मग तिची आई. शिंपी सातपर्यंत गेला आणि तोंड उघडं ठेवून थांबला. लंबक हलत होता, ठोके नव्हते. तो मात्र डोळे मिटून, चेहराभर हसू घेऊन मोजत होता. आठ. नऊ. दोन आकड्यांत अंतर अगदी ठोक्याचं, तसूभर इकडे तिकडे नाही. जुना पडदेवाला तो! दहा. अकरा. बारा.

"आलं रे आलं, नवीन वर्ष आलं!" त्याने डोळे उघडले.

शिंपी हसत सुटला. "अरे, घड्याळ पाचलाच झोपलं आणि तू एकटाच बारापर्यंत गेलास!"

शिंप्याचं हसू त्याला दिसलं. त्याने अर्धा श्वास घेतला आणि हसला. "मग! दरवर्षीसारखं!"

शिंप्याचं हसणं विझलं.

वहिनींनी झारा खाली ठेवला. त्या त्याच्या पाठीमागे गेल्या. "अहो," त्यांनी हळू हाक मारली. मग जरा मोठ्याने, "अहो." तो चिमणीचे गाल ओढत होता. वहिनींनी शेजारच्या चवडीतलं एक स्टीलचं ताट उचललं, छातीपर्यंत नेलं आणि सोडलं.

चिमणीने कान झाकले. शिंपी दचकून भिंतीला टेकला. फाटकवाला मात्र हसत चिमणीला विचारत होता, "काय गं, कान का झाकलेस?"

मग त्याने आमचे चेहरे पाहिले आणि मागे वळला. ताट अजून फरशीवर गरगरत होतं. ते थांबेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.

वहिनी त्याच्या समोर आल्या. "कधीपासून?"

तो माझ्याकडे बघायला लागला. पाठ न झालेल्या भाषणासाठी नट विंगेत बघतो, तसा.

"भावजी," वहिनी माझ्याकडे वळल्या, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो, वहिनी."

"आणि मघाशी गुडघे टाकलेत."

मला पन्नास वर्षांत एवढ्या कमी शब्दांत कुणी मंचावरून उतरवलं नव्हतं.

"एक वर्ष," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता, तेही आता लक्षात येत होतं. "एकच वर्ष उरलंय. आत्ता सांगितलं तर फाटकावरून काढतील. कुठेतरी लांब, झाडूपोछ्याच्या कामावर टाकतील नाहीतर घरी बसवतील. हे क्वार्टर महिन्यात खाली करावं लागेल. जायचं कुठे?"

"आमच्याकडे," मुलगी म्हणाली.

"दीड खोलीत? जावईबापूंना दारात झोपवणार?"

"बाबा, माझ्याकडे बघा." तिने त्याची हनुवटी धरली, जशी वर्गातल्या मुलाची धरतात. "आज रात्री तीन जादा गाड्या आहेत. त्या तुमच्या वेळापत्रकात नाहीत. फोनवरच कळणार."

"घंटा टेबलातून हाताला कळते."

"आणि कुणाशी बोलत असताना हात टेबलावर नसला तर? जेवत असलात तर? साडेदहाला आम्ही त्याच फाटकातून घरी जाणार आहोत."

"इतकी वर्षं माझ्या फाटकात कुत्रंसुद्धा मेलं नाही!" तो ओरडला. "मी डोळे मिटून सांगतो कुठली गाडी कधी येणार ते!"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

 फोडणी करपल्याचा वास यायला लागला, पण कुणी उठलं नाही. एक गाडी गेली. गज थरथरले, पेले किणकिणले. त्याने फळीकडे पाहिलं. पेले हलताना त्याला दिसत होते.

मग तो उकिडवा बसला, चिमणीच्या डोळ्यांच्या उंचीला. "चिमणे, खरं सांग. घड्याळ किती वाजलं?"

तिने आईकडे बघितलं, मग पंजा पुढे केला. पाच बोटं.

तो त्या पंजाकडे बघत राहिला. आम्हा सगळ्यांना मिळून जे सांगता आलं नसतं, ते त्या पाच बोटांनी सांगितलं असावं. कारण तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, रंग पुसल्यावर नटाचा उतरतो तसा.

"पण मला बाराही ऐकू आले गं," तो म्हणाला. "एकेक. स्पष्ट."

मला वाटतं, भीती त्याला तेव्हा कळली. ऐकू येत नाही हे त्याला ठाऊकच होतं. पण जे वाजलंच नाही ते त्याला ऐकू येत होतं, आणि त्याच्या भरवशावर तो रात्रभर फाटक सांभाळणार होता.

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाला दोन चाव्या असतात, एक काट्यांची, एक ठोक्यांची. रविवारी दोन्ही भरायचं काम त्याचं. "ठोक्यांची चावी भरायचं तुम्ही विसरायला लागलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

मी पुढे झालो. त्याच्यासमोर उभा राहिलो, ओठ नीट हलवत म्हणालो, "गड्या, चूक माझी. मी युक्ती शिकवली."

"वाईट शिकवलीस, राजे," तो म्हणाला. "कुणी हसल्यावर हसता येतं. पण कुणी काही विचारलं तर?"

त्याने मुलीकडे हात पुढे केला. तिने स्टेशनचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. तो खिडकीशी गेला. बाहेर अंधार पडला होता, फाटकाचा लाल दिवा दिसत होता, त्याच्याखाली संध्याकाळच्या पाळीचा माणूस उभा होता. या वर्षीच लग्न झालेलं पोरगं. दहाला सुटून बायकोला घेऊन कुठे कुठे जायचं ते त्याने फाटकवाल्याला आठवडाभर सांगितलं होतं.

मोबाइलवर पलीकडून बोलणं सुरू झालं असावं. तो थांबला नाही. मोबाइल तोंडासमोर धरून, बाहेर बघत तो बोलला:

"मास्तरसाहेब, तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येत नाही, गेले कित्येक महिने येत नाही, म्हणून आज मीच बोलतो. माझ्या जागी माणूस शोधा, आणि तो येईपर्यंत फाटकावरच्या पोराला सोडू नका. त्याला म्हणावं, रागावू नकोस, जेवण आमच्याकडून येतंय, भाजी तेवढी जरा करपलीय."