मेंदूच्या फोटोत दोन कप

आता ही फजिती सांगावी की झाकून ठेवावी? पण चहा पुढ्यात आहे आणि किस्साही चहाचाच, तेव्हा ऐकाच!

आमची ही गेल्यावरही मी सकाळी दोन कप चहा करायचो. एक तिच्या खुर्चीपुढं ठेवायचा, पेपरातल्या बातम्या तिला सांगायच्या, मग दोन्ही कप मीच प्यायचे. बस्स, एवढंच! पण आमच्या लेकीला, अंजूला, हे कळलं असतं तर? तिनं बजावलंच होतं, "बाबा, तुम्ही सावरला नाहीत तर साताऱ्याच्या घराला कुलूप. पुण्याला चलायचं."

म्हणून सांगलीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे जायचो. ते मला बोलतं करायला बघायचे, मी "बरं आहे" म्हणून गप्प. बोलण्याच्या उपचारानं मेंदूत काही फरक पडतो का, असा त्यांचा अभ्यास होता. उपचाराआधी मेंदूचा फोटो काढला होता, आता शेवटचा काढायचा होता.

एसटीत माझे मेहुणे, रिटायर सुभेदार, कानाशी लागले. "दाजी, आता ताळा हाय बघा! आदीचा फोटो आन् आताचा. मनातलं समदं उमटतंय त्यात."

"समदं?"

"समदं! मिल्ट्रीत ऐकलंय मी."

झालं! जन्मभर शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता मीच सापडणार! फोटोत दोन कप दिसले तर?

अंगठी, घड्याळ काढून यंत्रात आडवा झालो. "काका, अजिबात हलायचं नाही," ऑपरेटर म्हणाला. डोक्याशी कुणी पत्रा बडवावा तशी धडधड सुरू झाली. मन गुंतवायला मी एकोणतिसाचा पाढा धरला. निम्म्यावर आलो आणि ही हजर! खुर्चीत, पदर खोचून. इतकी लख्ख, की फोटोत येणारच!

तेवढ्यात धडधड थांबली. संधी साधून मी कुजबुजलो, "अगं, इथं नको ना! अंजूला दोन कपांचं कळलं तर ती घराला कुलूप लावेल. मग सकाळी तू बसशील कुठं?"

वरून खरखर झाली. "काका, आत माइक असतो. बाहेर सगळं ऐकू येतंय."

बाहेर कोण होतं? डॉक्टर, सुभेदार, आणि खास रजा काढून आलेली अंजू!

मला बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत होते. "गुरुजी, या फोटोत विचार दिसत नाहीत हो! कुणी सांगितलं?"

सुभेदार छताचा पंखा न्याहाळू लागले.

"आणि मी इतकं विचारलं तेव्हा नुसतं 'बरं आहे'. बोललात कुठं, तर यंत्रात!"

अंजूनं माझ्या बोटात अंगठी घातली. मग म्हणाली, "कुलूपबिलूप काही नको. पण बातम्या मलाही सांगत जा. फोनवर."

कँटीनमध्ये सुभेदारांनी आवाज दिला, "चार चहा!"

"अहो, आपण तिघंच आहोत."

"चौथा आक्काचा."

रिकाम्या खुर्चीपुढं कप आला. आपापला चहा संपला आणि सवयीनं माझा हात त्या कपाकडे गेला.

"प्या, प्या," सुभेदार म्हणाले. "तरीच म्हनलं, आक्का गेल्यापास्नं दाजींची शुगर कशानं वाढतीया!"