चेंबरचा पोचा

शहागंजच्या हॉटेलात सिरक्यातले कांदे समोर आले की माझं जेवण संपतं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर चिकटवायच्या सिलिकॉनलाही असाच आंबट वास येतो.

थोरल्या भावाच्या जुन्या ट्रकला मी नवीन इंजिन बसवत होतो. चेंबर एक्सलला घासत होतं. ते कापून वेल्डिंग करायला हवं होतं. मी हातोडीनं पोचा पाडून बसवलं.

"आत ऑइल अडायचं नाय ना?" दादानं वाकून विचारलं.

"नाय रे, लई केलेत असे."

"तू म्हणतो ना, मग झालं."

तिसऱ्या दिवशी घाटात इंजिन जाम झालं, ट्रक दरीत गेला. दादा गेला. नंतर चेंबर मीच उघडलं. पोच्यानं ऑइल ओढायची नळी दाबली होती. सिलिकॉनचा जोड मात्र थेंबभर गळला नव्हता.

लोक म्हणाले, घाटानं घेतला. मी मान डोलावली.